जबानीतून आलेला केरबा

सगुणाबाईंनी शपथ घेऊन पहिलं वाक्य सांगितलं, तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांच्या शेजारी नवऱ्याचे दोन पाय येऊन उभे राहिले. टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं. केरबाचेच. कारकुनाने पायांखाली सतरंजी सरकवली.

हुकूमशहाची राजवट कोसळल्यापासून नव्या न्यायालयात असंच चालायचं. स्वतः पाहिलेलं खरं सांगितलं की नेलेलं माणूस तेवढं परत येई; ऐकीव सांगितलं तर काहीच येत नसे. केरबा सनई वाजवायचा. हुकूमशहाच्या मिरवणुकीत वाजवायला तो नाही म्हणाला, म्हणून जामदार नावाच्या अधिकाऱ्याने त्याला भरल्या ताटावरून उठवून नेलं होतं.

सगुणाबाई बोलत राहिल्या. गुडघे आले, पोट आलं, बोटं आली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या हातात भाकरी दिली. हाताने ती मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्यापुढे धरला. इतक्या वर्षांनी असं शेजारी बसून जेवताना त्यांना अगदी भरून आलं.

खांद्यांच्या वर मात्र काहीच नव्हतं.

"चेहऱ्याचं सांगा," न्यायाधीश रेगेबाई म्हणाल्या.

"सांगितलं की, बाईसाहेब. येत नाही. यांचा शेवटचा चेहरा त्यानं बघितलाय, त्यानंच सांगायला पाहिजे." त्यांनी समोरच्या पिंजऱ्यातल्या जामदाराकडे बोट दाखवलं.

"माफी द्या, सांगतो," जामदार म्हणाला. "शिक्षाच द्यायची असेल तर मला काही आठवत नाही."

"सगळं खरं सांगितलं तर कायद्याने माफी देता येते," रेगेबाई म्हणाल्या. "पण सगुणाबाई, तुमचं ऐकल्याशिवाय मी ठरवणार नाही."

सगुणाबाई गप्प राहिल्या. त्या जितका वेळ गप्प, तितक्या भिंती आत सरकत आल्या. बाक बाकांना टेकले, दोन्ही पिंजरे एकमेकांना भिडले, आणि जामदाराचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागले. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

"सकाळपर्यंत मला याला शिक्षाच पाहिजे होती," त्या म्हणाल्या. केरबाचा हात त्यांच्या हातात ऊबदार होता. "आता हे पाहिजेत. बोलू दे त्याला."

जामदार बोलला. तळघर, कंदील, पाण्याची बादली. एकेका वाक्यासरशी कपाळ आलं, नाक आलं, डोळे आले. डोळ्यांनी सगुणाबाईंना पाहिलं आणि ते हसले. भर न्यायालयात त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या, पदर सावरू लागल्या. सगळ्यात शेवटी ओठ आले.

"एवढंच," जामदार म्हणाला. "दुसरं काही घडलं नाही."

रेगेबाईंनी माफीच्या हुकुमावर सही करायला पेन उचललं.

"थांबा, बाईसाहेब," केरबा म्हणाला. आवाज जरा घोगरा होता. "तळघरात मी एकटा नव्हतो."

जामदार उठायला गेला. उठण्याइतकी जागा उरली नव्हती. त्याच्या मांडीवर हिरव्या बांगड्या भरलेला एक अनोळखी हात येऊन अलगद टेकला होता.