उलटा पुठ्ठा

सव्वीस वर्षं वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवतेय, त्यामुळे छापखान्यांच्या गाढवपणावर माझा पूर्ण विश्वास बसलाय. भावाच्या मुलीने, आमच्या चिमणीने, तिची लाडकी जपानी चित्रकथा दुरुस्तीला आणली, तेव्हा मी बघताक्षणी निकाल दिला. पुठ्ठा उलटा लावलाय.

"वाच पण हं, आत्या. मुलींसाठीची आहे, पण शेवट कुणाला वाटणार नाही असा आहे. वाचलास की माझ्याशीच बोल. बाबांशी नको."

हे तिने दोनदा सांगितलं. सोळा वर्षांची पोर, आवाज उगाच बारीक झालेला. मी दमले होते, खांदे भरून आले होते. फारसं मनावर घेतलं नाही.

जुना पुठ्ठा सोलला, मुखपृष्ठ कापून नव्या पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला लावलं, आतल्या पहिल्या पानावर अस्तराचा कागद चिकटवला. पुस्तक शहाण्यासारखं डावीकडून उघडायला लागलं. वाचताना संवाद एकमेकांना लागेनात. म्हटलं, हल्लीचं लिखाण, असंच असणार. चित्रांवरून समजलं तेवढं समजलं. आखूड केसांचा, शर्ट घातलेला मुलगा. पानोपानी केस वाढत जातात, आणि शेवटी झालरीच्या झग्यातली मुलगी आईकडून वेणी घालून घेते.

"छान शेवट," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. "मुलगी होऊन आईजवळ आली. माझा जीव भांड्यात पडला."

चिमणीचा चेहरा उतरला. "तुला हाच शेवट हवा होता?"

"मग काय! नाहीतर आईबापांनी कुठे बघायचं?"

ती उठून गेली. पुस्तक टेबलावरच राहिलं. आठवडाभर फिरकली नाही, फोनही उचलेना.

मग वाचनालयातून आणखी तीन जपानी चित्रकथा आल्या. तिन्हींचे पुठ्ठे उलटे, छापखाने मात्र वेगवेगळे. एकीत डावीकडच्या पहिल्याच पानावर छापलं होतं : थांबा, हा शेवट आहे, पुस्तक उजवीकडून उघडा. चिमणीच्या पुस्तकातल्या त्या पानावर मीच अस्तर चिकटवलं होतं.

ते उजवीकडून वाचलं. वेणी घालून घेणारी मुलगी सुरुवातीला होती. सगळ्यांना वाटत राहतं, आता प्रियकर येईल, ती पुन्हा झगा घालेल. तो येतोही. पण शेवटच्या पानावर शर्टातला, आखूड केसांचा तो मुलगा प्रियकराला शांतपणे सांगतो, "मी पहिल्यापासून हाच होतो."

मला स्वतःची लाज वाटली. काम टाकून तशीच निघाले.

तीन जिने चढून भावाचं दार वाजवलं. दार चिमणीनेच उघडलं. केस कापलेले होते, घरच्या कात्रीने, वेडेवाकडे. डोळे सुजलेले.

"पुस्तक मी उलटं बांधलं होतं," मी धापा टाकत म्हटलं. "खरा शेवट आज वाचला. चुकलं माझं."

"आणि?"

"आणि चिमणी म्हटलेलं चालतं का, ते सांग."

"नाही."

"मग काय म्हणू?"

"अजून ठरलं नाही."

"सावकाश ठरव. मी दमलेली बाई आहे, दहादा चुकेन. ओरडायचं."

आतून भावाचा आवाज आला, "कोण आहे, ताई का? त्या केसांचं काय करून ठेवलंय ते विचार तिला!"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून माझी कामाची कात्री काढली.

"मी आहे रे," मी आत ओरडले. "मागून वाकडे झालेत, तेवढे सरळ करून देते."