अंगठ्याला घोडा सापडला नाही

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, चौलच्या पलीकडच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हवालदार शिवदास घरत यांच्या कमरेच्या नव्या पिस्तुलातून गोळी सुटली. ती त्यांच्या उजव्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीत गेली. कोणाला इजा झाली नाही.

मित्रांनो, तेव्हा मी दहा पावलांवर टेबलावर पडून होतो. मी त्यांचं जुनं पिस्तूल. त्याच सकाळी त्यांनी मला जमा केलं होतं.

कारखान्यात माझ्या पाठीमागे एक पोलादी तुकडा बसवला गेला. त्याला घोडा म्हणतात. तो मागे ओढून चढवला, की मी तयार. पुढे पाडलेला असला, तर चाप कितीही ओढा, मी गप्प. शिवदासांचं लहानपण मिठागरात गेलेलं, त्यामुळे हाताचा अंगठा खरखरीत. सव्वीस वर्षं मला होल्स्टरमध्ये ठेवताना तो अंगठा आधी घोडा चाचपायचा, पाडलेला आहे ना एवढं पाहायचा, मगच मला खाली दाबायचा. खाऱ्या वाऱ्याने गंज धरू नये म्हणून ते मला रोज तेल लावत. तपासणीला आलेले साहेब मला हातात घेऊन म्हणायचे, "घरत, हे तर कालच आणल्यासारखं दिसतंय." माझी गोळी कधीही माणसावर सुटली नाही.

नव्या पिस्तुलाला बाहेर घोडा नाही. काडतुसावर आदळणारी त्याची सुई आतल्या आत ताणून बसते. नेमबाजीत ते माझ्यापेक्षा सरस आहे, हे मान्य करतो. घाईत घोडा चढवावा लागत नाही आणि चाप दर गोळीला सारख्याच जोराने ओढावा लागतो. शिपाई दिपाली हिचा अंगठा माझ्या घोड्यापर्यंत जेमतेम पोचायचा. नव्या पिस्तुलाने तिने त्या मंगळवारी वीसपैकी एकोणीस गोळ्या निशाणावर मारल्या. शिवाय मीही निर्दोष नाही. मी भरलेला असताना घोडा पाडायला गेलं आणि अंगठा निसटला, तर गोळी जाते. एकदा दुसऱ्याच्या हातून तशी गेली आणि पोलीस ठाण्यातलं वाळूचं पोतं फुटलं.

मंगळवारी शिवदासांनी पाच गोळ्या झाडल्या. पाच अजून आत होत्या. पिस्तूल ठेवताना त्यांचा अंगठा मागे गेला. चढवलेला घोडा हाताला लागला नाही, तेव्हा अंगठ्याने ठरवलं, घोडा पाडलेलाच आहे. त्यांनी पिस्तूल होल्स्टरमध्ये खाली दाबलं. पिस्तूल पडू नये म्हणून खांद्यावरून बांधलेल्या दोरीचा वेढा चापात अडकला होता.

"मी चापाला बोट लावलेलं न्हाय," शिवदास म्हणाले.

दिपालीने पिस्तूल रिकामं केलं. "तुम्ही नाही लावलं, काका. दोरीने ओढला."

"मंग दोरीलाच निलंबित करा," मागून गणराज नावाचा शिपाई म्हणाला. कोणी हसलं नाही.

"त्याला घोडाच न्हाय गो. आंगठा शोधत बसला," शिवदास दिपालीला म्हणाले.

"ह्याला चाचपायचं नसतं काका, बघायचं असतं. दोरी बाजूला, बोट बाहेर, मग सावकाश."

शिवदास खाली बसले. "चौदा महिने ऱ्हायलेत माझे निवृत्तीला. सेवापुस्तकात 'निष्काळजी' लिवतील. सव्वीस वर्षांत एक रेघ न्हाय त्यात."

मित्रांनो, ती सवय मीच त्यांना लावली होती. शस्त्र बदललं की हाताची जुनी काळजी पुरत नाही, ती पहिल्यापासून शिकावी लागते. आणि तुम्हाला कुठे पिस्तूल दिसलं, तर घोडा असो वा नसो, हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलवा.

चौकशी लागल्यापासून शिवदास वायरलेसच्या खोलीत बसतात. मी शस्त्रागारात, लाकडी पेटीत आहे. तेल लागतं, पण परक्या हाताचं. सकाळी हजेरीची शिट्टी झाली की तो खरखरीत अंगठा हवासा वाटतो.

मोडीत काढायच्या यादीत माझा क्रमांक सातवा होता. शिवदासांची जुनी सवय दाखवायला माझी गरज पडेल, असं दिपालीने जबाबात लिहिलं, म्हणून चौकशी संपेपर्यंत मला वगळलं आहे. निकाल लागला की मी भट्टीत जाणार. तरी तो लवकर लागावा, आणि त्यात तो एक शब्द नसावा, असं मला वाटतं.

घटनेचा अहवाल शुक्रवारी अलिबागला वरिष्ठांकडे गेला. सोमवारी दुपारपर्यंत उत्तर आलेलं नाही.