कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा

मी एक जुना स्टॅम्प पॅड आहे. हसू नका, मित्रांनो! पत्र्याची डबी आणि आत निळी शाई, एवढाच माझा पसारा. पण माणसांचे हात मी जेवढे पाहिलेत तेवढे कुणी पाहिले नसतील.

उल्हासनगर कॅम्प तीनच्या दुकानातून मला बेलवलीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये आणलं. तिथे माझा काय रुबाब होता! बाळ जन्मलं की त्याचं इवलंसं पाऊल माझ्यावर टेकवून कागदावर उठवायचे. आया तो कागद पुन्हा पुन्हा बघायच्या.

माझं रोजचं काम मात्र ऑपरेशनच्या फॉर्मवर अंगठे उठवणं. आमच्या तेजस्वी सिस्टरची एक सवय होती. गडबड असली की कोऱ्या फॉर्मवर अंगठा आधी घ्यायचा, मजकूर मागाहून भरायचा. मला ते कधीच पटलं नाही. पण मला विचारतो कोण?

गेल्या वर्षी चिखलोलीची वेणू आली. तिच्या गर्भाशयात गाठ होती. लेक रिद्धीच्या पाठीवर आणखी एक मूल हवं, म्हणूनच ती गाठ काढून घ्यायला आली होती. उजव्या हाताला सलाईन लावलेलं.

"सही करते ना, सिस्टर. दहावी झालेय मी."

"राहू दे गं ताई, सुई हलेल. डावा अंगठा दे, पटकन होईल."

वेणूने अंगठा दिला.

गाठ मोठी निघाली. पुन्हा त्रास नको, म्हणून डॉक्टरांनी गर्भाशयच काढून टाकलं. बाहेर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, चंदरलाही काही सांगितलं नाही. मग सिस्टरने वेणूच्या अंगठ्याच्या वर 'गर्भाशय काढायला संमती आहे' असं लिहून फॉर्म भरला.

टाके काढायच्या दिवशी वेणूला हे कळलं. डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. "तुमच्या भल्यासाठीच केलं. अंगठा तुमचाच ना?"

"माझाच आहे. पण डॉक्टर, मला वाचता येतं. हे आधी लिहिलं असतं, तर दिला असता का मी?"

डॉक्टरांनी फॉर्म परत फाईलमध्ये ठेवला. वेणू तिथेच खाली बसून रडली. मला माझ्या शाईची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने पुन्हा कोरा फॉर्म काढला आणि माझं झाकण उघडलं. एका म्हाताऱ्या माईंचा अंगठा माझ्यावर टेकला. मी शाई दिली.

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. घरच्या कुणाचा अंगठा माझ्यावर टेकण्याआधी तेवढं म्हणा, "थांबा, आधी वाचून दाखवा."