रोज उघडलेली पेटी

मित्रांनो, मी क्षयरोगाच्या गोळ्यांची एक जुनी पेटी आहे. साधीसुधी समजू नका. पोटात बॅटरी, वर हिरवा दिवा आणि सकाळी सातला वाजणारी घंटा. झाकण उघडलं की आरोग्य केंद्रात निरोप जातो, 'आजची गोळी घेतली.' नाही उघडलं, तर आरोग्यसेविका माधवीताईंचा फोन येतो.

माझे पहिले रुग्ण मळवलीचे रखमाजीआबा. घंटा वाजली की ते हातातला चहा बाजूला ठेवून गोळी घ्यायचे. सहा महिन्यांत ठणठणीत झाले आणि चारचौघांत माझं कौतुक करत सुटले. तेव्हापासून मी जरा शेफारलेच.

मग मला पवनानगरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वस्तीवर रंजनाकडे दिलं. घरात ती आणि बाया नावाची तिची सासू. दोन महिने रंजनाने नेमाने गोळ्या घेतल्या. खोकला थांबला, अंगात बळ आलं. एवढ्यात भाताची लावणी आली आणि इर्जिक सुरू झाली. इर्जिक म्हणजे सगळ्या वस्तीने मिळून एकेकाचं शेत लावायचं आणि त्याच्याच घरी एका पंगतीला जेवायचं. त्यासाठी पहाटेच घर सोडावं लागे, आणि मला सोबत नेलं असतं तर सातला मी सगळ्यांसमोर वाजले असते.

"आत्याबाई, ही पेटी हितंच ऱ्हाऊ द्या," रंजना म्हणाली. "लोकास्नी कळलं तर पंगतीतनं उठवतील. उपाशीपोटी गोळी सोसत न्हाई, आल्यावर घेईन."

"आन् वाजली तर?"

"झाकण उघडून लावा. म्हंजी ताईंचा फोन न्हाई यायचा."

बाया शब्दाची पक्की. सात वाजले की झाकण उघडायची आणि लावायची. संध्याकाळी रंजना चिखलाने माखून यायची, दोन घास खाऊन आडवी व्हायची. गोळी राहून जायची. माझ्या पोटातलं ओझं कमी होत नाही हे मला कळत होतं, पण ते सांगायची सोय मला कुणी दिलेली नव्हती. मी आपली रोज कळवत होते, 'घेतली.' एकदा माधवीताईंनी मुद्दाम फोन केला, "रंजना, तुझा एकही दिवस चुकला नाही बघ." त्या कौतुकानंतर खरं सांगायला तिची जीभ रेटेना.

महिना सरला. ताई नव्या गोळ्या भरायला आल्या, तर जुन्या जागच्या जागी. रंजना भिंतीला टेकून खोकत होती. पदराला रक्त लागलं होतं.

"ताई, म्या तर रोज उघडली की वो," बाया रडायला लागली. "एक दिस न्हाई चुकवला."

ताई रागावल्या नाहीत. तिथेच जमिनीवर बसून त्या गोळ्या मोजू लागल्या.

रोग उलटला होता, आणि जुन्या गोळ्यांना आता दाद देत नव्हता. रंजनाला मोठ्या इस्पितळात नेलं. नवी औषधं जड आहेत, आणि ती बरी होईलच असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. घरी सोडताना मला पुन्हा पुढे केलं, तेव्हा ती म्हणाली, "पेटी नगं, ताई. तुमीच येत जावा." आता ताई रोज डोंगर चढतात. मी केंद्रातल्या कपाटात पडून आहे. मला राग नाही, शरम वाटते.

मित्रांनो, आम्हा पेट्यांना फक्त झाकण कळतं. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी हे औषध घेत असेल, तर त्याच्यापाशी बसा. पाण्याचा तांब्या पुढे करा आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत हलू नका. रंजनापाशी तसं कुणी बसलं नाही. होते ती मी, आणि मी नुसती वाजत होते.