शांतता सभेची प्रमुख पाहुणी

बीड जिल्ह्यातल्या पोरांचे ग्रुप, त्यांचे ‘दादा’, गाड्यांचे ताफे आणि मारामाऱ्या यांचा अभ्यास करण्यात रोहिणीची अर्धी नोकरी गेली होती. ती समाजशास्त्राची प्राध्यापक. कुठं डोकं फुटलं की वाहिनीवाले फोन करायचे, ‘मॅडम, एका वाक्यात कारण सांगा.’ पोलीस नावं विचारायचे. पोरं विचारायची, ‘आमचा फोटो छापणार ना?’ तिची पुस्तकं मात्र कुणी उघडत नव्हतं.

युसूफ वडगावात गावपुढारी मोहनरावांनी शांतता सभा ठेवली होती आणि रोहिणीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आपल्या रीलखाली टिंगल लिहिली म्हणून अंगदनं, म्हणजे मोहनरावांच्याच पोरानं, गावातल्या सत्यमचा जबडा फोडला होता. रोहिणी मंचावर चढली आणि बॅनर पाहून थबकली. तिच्या फोटोशेजारी गॉगल लावून, हात जोडून उभा अंगद. खाली ‘स्वागतोत्सुक’.

“सत्यमच्या घरचं कोण आलंय?”

“त्यांचं मिटलंय, मॅडम,” मोहनराव शाल उलगडत म्हणाले. “तुमी आपलं शांततेवर बोला.”

“तुम्हीच बोला,” म्हणत ती खाली उतरली आणि विचारत विचारत सत्यमच्या घरी गेली.

विशीतला सत्यम खाटेवर बसला होता, जबडा तारांनी बांधलेला. या ग्रुपवाल्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम, हे कळताच त्याचे डोळे चमकले. त्यानं मोबाइलवर लिहून दाखवलं, ‘मांजरसुंब्याकडं कुणाचा ग्रुप लई मजबूत हाय? मला त्यात जायचंय.’

रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत कुठल्या पोरावर तिनं आवाज चढवला नव्हता.

“आई तुला चमच्यानं पेज पाजतीय, आन् तू मला नवा दादा विचारतोस?”

सत्यमनं मान फिरवली. रोहिणी त्याच्या आईकडे, मंगलकडे वळली. “तक्रार कावून न्हाई दिली?”

“मोहनराव म्हणले, गावात ऱ्हायचंय ना. ह्यो म्हणतोय, आपणच बघून घेऊ. मी कुणाकुणाचं ऐकू, मॅडम?”

“उठा. दोघंबी चला.”

पोलीस ठाण्यातले साहेब शांतता सभेला गेले होते. रोहिणी बाकावर बसून राहिली. साहेब आले आणि हसून म्हणाले, “तुम्ही अभ्यासक माणूस. यात कशाला पडता?”

“लिहून घ्या,” ती म्हणाली.

अंधार पडायच्या आत तक्रार नोंदली गेली. बाहेर सत्यमनं पुन्हा मोबाइल पुढं केला, ‘आता ते परत मारतील.’

“मारतीलही,” रोहिणी म्हणाली. “म्हणून नांदूरघाटला माझ्या भावाकडं चला. थोडे दिवस ऱ्हा तिथं.”

मंगल रोहिणीच्या गाडीत बसली. सत्यमही बसला, फुरंगटून, खिडकीकडं तोंड करून. आणि रोहिणी वाटभर त्याला रागावत राहिली.