वारंगा महिला हॉकी संघाचे अकरा सामने

हिंगोली जिल्हा नवा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९९९ साली, वारंगा फाट्यावर मुलींचा हॉकी संघ उभा राहिला. तो उभा केला उत्तमसिंग राठोड यांनी. फौजेत हवालदार असताना ते पलटणीकडून हॉकी खेळत. निवृत्तीनंतर त्यांनी फाट्यावर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं. मराठवाडा-विदर्भातल्या मुलींच्या सहा संघांची साखळी स्पर्धा सुरू होणार असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी फाट्यावरच्या शाळेतल्या अन् आसपासच्या गावांतल्या पोरी गोळा केल्या. करुणा नावाच्या चपळ पोरीला कप्तान केलं.

सराव ट्रकतळावर चालायचा. ट्रक सकाळी सातपर्यंत निघून जात. डिझेल पिऊन पिऊन ती जमीन घट्ट झाली होती, चेंडू तिच्यावरून सुसाट पळायचा.

पहिला सामना त्या नऊ गोलांनी हरल्या. त्यानंतर चारच दिवसांनी हवालदार एका बांधकामापाशी थांबले. खालचा मजूर विटा वर फेकत होता अन् पहिल्या मजल्यावर उभी असलेली एक बाई त्या झेलत होती, एका वेळी दोन-दोन. एकही वीट खाली पडली नाही.

ती पंचफुला. वय सव्वीस, एका लेकीची आई. हवालदारांनी तिला संघात यायला सांगितलं, तेव्हा तिला आधी चेष्टाच वाटली.

"मला काहून? मला तर खेळता येत न्हाई."

"खेळायचं न्हाई. येईल ते अडवायचं," हवालदार म्हणाले.

सासू गोजरबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्यांनी नातीला आपल्या कुशीत ओढलं अन् सुनेला जायला सांगितलं.

गोलकीपरचे पॅड आणायचे कुठून, हा प्रश्न होता. ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या गुलाबसिंगांनी जुन्या सीटांचा स्पंज अन् रेक्झिन घेऊन ते शिवून दिले. बांधायला ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या लावल्या. पंचफुला उभी राहिल्यावर पुढचा सामना तीन गोलांनी गेला, त्यानंतरचे दोन एकेका गोलानं. शेवटच्या सामन्यात तिनं एकही गोल होऊ दिला नाही. सामना बरोबरीत सुटला, तरी पोरी जिंकल्यासारख्या नाचल्या.

दुसऱ्या हंगामात त्यांनी पाचांतले चार सामने जिंकले अन् नांदेडला अंतिम सामन्यात पोचल्या. समोर शहरातला गतविजेता संघ होता. वारंग्याहून दोन ट्रक भरून माणसं आली होती. गोजरबाई नातीला घेऊन ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या.

करुणानं उत्तरार्धात गोल केला. नंतरचा सगळा खेळ पंचफुलाच्या पुढ्यातच झाला. चार मिनिटं उरली असताना एक जोरदार फटका अडवताना तिच्या डाव्या पॅडची शिवण उसवली, पट्टी तुटली अन् स्पंज बाहेर आला. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. पंचांनी पाहिलं अन् सांगितलं की पॅडशिवाय गोलात उभं राहता येणार नाही. दुसरा पॅड वारंग्याकडे नव्हता. पंचफुला तशीच उभी राहायला तयार होती, पंच ऐकेनात.

तेवढ्यात पलीकडच्या गोलातून त्यांची गोलकीपर सपना चालत निघाली. बाकाजवळ थांबून तिनं आपल्या पिशवीतला जादा पॅड काढला. तिच्या प्रशिक्षकांनी तिला हाक मारली, पण ती थांबली नाही. पंचफुलासमोर गुडघे टेकून तिनं पट्टे आवळले.

"घट्ट झालाय का?" तिनं विचारलं.

"बराबर झाला," पंचफुला म्हणाली. "पण आता मी गोल होऊ देणार न्हाई, बाई."

"नकोच होऊ देऊ," सपना म्हणाली अन् आपल्या गोलाकडे धावत गेली.

कॉर्नरचा पहिला फटका त्याच पॅडवर आदळून परत आला. दुसरा उजव्या कोपऱ्यात उंच आला, विटेसारखा. पंचफुलानं झेप घेऊन तो हातानं बाहेर ढकलला. उरलेला वेळ करुणानं चेंडू कडेकडेनं खेळवून काढला. शिट्टी झाली तेव्हा सगळ्यांत आधी मैदानात उतरल्या गोजरबाई. त्यांनी सुनेच्या घामेजल्या कपाळावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

पुढच्या वर्षी साखळीच बंद पडली. करुणा पोलिसात भरती झाली, तिघींची लग्नं झाली. संघाचे एकूण सामने अकरा भरले, त्यांतले पाच जिंकले.

२००६ साली फाट्यावरच्या शाळेचा मुलींचा संघ जिल्हा स्पर्धेला गेला, तेव्हा त्याला शिकवायला पंचफुला होती. नोंदणीच्या टेबलावर कारकुनानं तिचं शिक्षण विचारलं. तिनं सातवी सांगितलं. मग त्यानं अनुभवाचा रकाना दाखवला. पंचफुलानं पेन मागून घेतलं अन् त्यात स्वतःच्या हातानं सावकाश लिहिलं: गोलकीपर, वारंगा महिला संघ, साखळी विजेता.

मग ती पोरींना घेऊन मैदानाकडे निघाली.