तुळशीखालची सोड्याची बाटली

मित्रांनो, मी गोटी सोड्याची एक जुनी बाटली आहे. माझ्याबरोबर बाजारात आलेल्या बहुतेक बाटल्या कधीच फुटल्या. मी टिकले, कारण आयुष्याचा मोठा काळ मी लालबागच्या एका चाळीमागे मातीखाली काढला.

माझा हिरवट रंग मुद्दाम दिलेला नाही. ज्या वाळूची काच झाली, तिच्यात थोडे लोह होते, म्हणून मी अशी दिसते. माझी मान दोन बाजूंनी चिमटलेली आहे आणि तिच्यात काचेची एक गोटी कायमची राहते. मला भरताना उलटी धरत. मग गोटी तोंडाशी येई आणि सोड्यातला वायू तिला आतून रबराच्या कड्यावर दाबून धरी. मला बूच नव्हते. माझ्या पोटातला दाबच माझे दार बंद ठेवी.

माझ्या मालकीणबाई जाईबाई मालवणकडच्या. नवरा बुधाजी वारल्यावर चाळीच्या तोंडाशी असलेले त्याचे सोड्याचे दुकान त्या चालवत. त्यांचा मुलगा रघू गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवी. शेजारच्या खोलीतला धर्मा त्याच्या बाजूच्याच साच्यांवर असे. पाळी सुटली की दोघे दुकानावर येत. घशात कापसाचे तंतू बसलेले असत. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फट् असा आवाज होई, आणि दोघे मिळून मला एकटीला रिकामी करत. पहिला घोट नेहमी रघूचा.

"रघ्या, सोडा तू पितोस. माझ्या वाट्याला नुसतं पाणी," धर्मा म्हणे.

"मग लवकर यायचं. सुटल्यावर आधी केस कोण विंचरत बसतं?"

धर्माचे केस दाट आणि कुरळे होते. त्यांत अडकलेला कापूस काढल्याशिवाय तो रस्त्यावर पाऊल टाकत नसे.

मग ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगा थांबला. महिन्यांमागून महिने गेले. सोडा घ्यायला कोणी येईना. धर्माची बायको मंजुळा आजारी होती, तिचे औषध बंद पडले. शेवटी धर्मा संप मोडून कामावर जाऊ लागला. कामावर जाणाऱ्यांना न्यायला गिरणीची जाळी लावलेली गाडी नाक्यावर येत असे. चाळीत त्याच्याशी कोणी बोलेना. रघूचा संताप सर्वांत मोठा होता, कारण त्याची मैत्रीही सर्वांत मोठी होती.

एके दिवशी सकाळी रघू आईला म्हणाला, "उद्या मला एक खोका लागेल. भरलेल्या बाटल्यांचा."

कशासाठी, ते जाईबाईंना कळले. दाब भरलेली बाटली आपटली की तिची काच लांबवर उडते.

"त्या गाडीत धर्मो असतलो," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच."

"रघ्या, माजी बाटली माणसाच्या तोंडाक लावची. डोक्यात घालूची नाय."

"तू यात पडू नकोस, आई," असे म्हणून रघू सभेला गेला.

दुपारी चाळीतले सगळे पुरुष सभेला गेले होते. जाईबाईंनी दुकानातला तो एकच भरलेला खोका मागच्या दारी आणला. एकेका बाटलीची गोटी दाबून त्यांनी आमच्यातला दाब मोकळा केला आणि सोडा मोरीत ओतला. मग तळमजल्यावरच्या आपल्या खोलीमागच्या हातभर जागेत तुळशीच्या मुळाशी खड्डा खणून आम्हाला गोणपाटात गुंडाळून निजवले.

"आता गप पडा," त्या म्हणाल्या. "संप मिटलो की काढतंय."

दुसऱ्या सकाळी रघूला खोका रिकामा दिसला.

"कोणी नेल्यान, माका काय म्हायत," जाईबाई म्हणाल्या.

रघूने स्वतःच उत्तर काढले. गाडीत बसणाऱ्यालाच बाटल्यांची भीती, शिवाय खोली लागूनच. तो धर्माच्या दारात जाऊन ओरडला, "चोर तो चोर आणि वर फितूर." ते शब्द मातीतून माझ्यापर्यंत आले. त्या सकाळी गाडी नाक्यावरून सुखरूप गेली. मात्र दोन दारांमधले बोलणे कायमचे बंद झाले.

जाईबाई रोज तुळशीला पाणी घालत. पाणी झिरपत माझ्यापर्यंत येई आणि त्याच्यामागून त्यांचा आवाज येई. "आता सांगलंय तर ह्यो खणून काढतलो. संप मिटलो की सांगतंय." त्या वाट पाहत राहिल्या. पण मित्रांनो, तो संप मिटला असे कोणी जाहीर केलेच नाही. काही गिरण्या बंद पडल्या, माणसे पांगली, पण जाईबाईंना हवा होता तो दिवस आला नाही. त्या गावी गेल्या आणि तिकडेच वारल्या. पाण्याची चव बदलली, तेव्हा मला कळले की तुळशीला आता दुसरे कोणी पाणी घालते. ती रघूची बायको सुभद्रा होती.

गोणपाट कुजले. रबराचे कडे झडून गेले. ओल्या मातीने काचेतले क्षार हळूहळू ओढून घेतले आणि माझ्या अंगावर इंद्रधनुष्यासारखी पातळ साय आली. पुढे कधीतरी जमीन धडधडू लागली. गिरणीच्या जागेवर उंच इमारतीचा पाया घालत होते. आम्ही अंधारात एकमेकींवर किणकिणत राहिलो.

एकदा नळाची नवी लाइन टाकायला सुभद्रा मागे खणत होती. तिची पहार माझ्या शेजारणीला लागली.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "आईंच्या बाटल्या."

रघू आला. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने मला उचलले, माती पुसली, आणि तिथेच दगडावर बसला. तुळस कोणी लावली होती, ते त्याला आठवत होते. आम्हाला तिथे कोणी ठेवले, ते वेगळे सांगावे लागले नाही.

"बसून काय राहिलात?" सुभद्रा म्हणाली. "धर्माभावजी घरीच आहेत."

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठून आणणार?"

त्याने मला धुतले, नळाच्या पाण्याने भरले आणि शेजारचे दार वाजवले. दार धर्माने उघडले. त्याच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता. तो माझ्याकडे पाहत राहिला.

"कुठे सापडली?"

"आईच्या तुळशीखाली. सगळ्या तिथेच होत्या. मी तुला चोर म्हणालो."

"ते विसरलो होतो," धर्मा म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नाही, विसरलो नव्हतो. मंजुळा शेवटच्या दिवसापर्यंत विचारत होती, रघूभावजी का येत नाहीत."

रघूने मला पुढे केले. "आज पहिला घोट तुझा. तुला आता केसही विंचरायचे नाहीत."

धर्माने मला हातात घेतले. त्याच्या बोटांनी आपोआप मला फिरवले, मानेतले खळगे खाली येतील असे, म्हणजे गोटी तिथे अडते आणि वाट मोकळी राहते. इतक्या वर्षांनी त्या बोटांना ते आठवत होते. तो प्यायला.

"नुसतं पाणी आहे, रघ्या."

"तुझ्या वाट्याला तेच यायचं."

धर्मा बाजूला सरकला आणि रघू आत गेला.

मित्रांनो, आता मी धर्माच्या खिडकीत असते. माझ्यात पाणी आणि तुळशीची एक फांदी असते. तुमच्या घरामागे खणताना काच लागली, तर पहार बाजूला ठेवा आणि हाताने माती काढा. ती वस्तू कोणी टाकलेली नसेल, जपून ठेवलेलीही असेल. आणि सांगायचे काही मनात असेल, तर सगळे मिटण्याची वाट पाहू नका. मी काच आहे, मला मातीत थांबता आले. मंजुळाला थांबता आले नाही.